शॉकअप मुक्ताताई निवडतील

कुवेतमधल्या मंगफच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मुक्ता गायधनी चौथ्या मजल्यावर राहायच्या आणि मी तिसऱ्या. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या खिडकीच्या बरोबर वर होती, त्यामुळे कुणाकडे कसली फोडणी पडली हे दोघींनाही न विचारता कळायचं. त्या माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणायचे. माझा नवरा शुऐबा या कारखान्यांच्या भागात शिफ्टमध्ये कामाला, त्याचे बरेचसे शुक्रवार प्लांटवर जायचे. माझे शुक्रवार गायधन्यांकडे जायचे.

ताई मूळच्या नाशिकच्या. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्या, लग्न झालं आणि नवऱ्यामागे कुवेतला आल्या. नव्वद साली इराकचं सैन्य आत शिरलं तेव्हा लहान लेकीला घेऊन बसने अम्मानला आणि तिथून विमानाने मुंबईला पोचलेल्या हजारो लोकांत त्याही होत्या. त्याबद्दल कुणी विचारलं तर त्या एवढंच सांगत, "अम्मानच्या छावणीत साखर मिळेना, तर आम्ही चहात खजूर घातला. वाईट लागत नव्हता." नंतर परत आल्या, तेव्हा शुऐब्याच्या एका वंगणतेलाच्या कारखान्याला प्रयोगशाळेत माणसं हवी होती. तिथे त्या लागल्या त्या लागल्याच.

त्यांचं काम तेल किती दाट आणि किती पातळ ते मोजण्याचं. काचेच्या बारीक नळीतून तेल या खुणेपासून त्या खुणेपर्यंत उतरायला किती वेळ घेतं, ते बघायचं. वर्षानुवर्षं हेच केल्यावर ती सवय घरीही आली होती. बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, शाम्पूची बाटली उचलली की आधी उलटी करायच्या आणि आतला बुडबुडा वर कसा चढतो ते बघायच्या. आमटीची पळी उंच धरून धार सोडायच्या आणि म्हणायच्या, "आज जरा घाईत आहे. डाळ कमी पडली वाटतं." बकालेवाला मल्याळी त्यांना ओळखून होता. मधाची नवी बाटली आली की तो आपणहून त्यांच्यापुढे उलटी धरायचा.

त्यांचे यजमान जयदीपराव प्रोसेस इंजिनिअर. धिप्पाड माणूस, आवाज मोठा, तळलेलं सगळं आवडीचं. दोन हजार पाचच्या पावसाळ्यात, म्हणजे नाशिकच्या पावसाळ्यात, इथे नुसता धुरळा होता, त्यांच्या छातीत दुखायला लागलं. एक वाहिनी बंद निघाली, स्टेंट टाकावा लागला. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, रोज चालायचं, आणि चालला नाहीत तर परत भेटू.

जयदीपराव चालायला तयार नव्हते. समुद्राकाठी इतका छान फरसबंद रस्ता, संध्याकाळी अर्धं मंगफ तिथे फिरायला जायचं. ताई त्यांना बळेच न्यायच्या आणि ते पहिल्या बाकावर बसायचे.

"नुसतं चालायचं?" ते म्हणायचे. "कुठे जायचं नसताना? आणि मग जिथून निघालो तिथेच परत यायचं? याला काही अर्थ आहे का, शर्वरी, तूच सांग."

  ताई एकट्याच पुढे जाऊन परत यायच्या, तोवर यांनी बाकावर कुणीतरी गाठलेलं असायचं आणि कच्च्या तेलाच्या भावाची चर्चा रंगात आलेली असायची.

असे काही महिने गेले. मग एका संध्याकाळी जयदीपराव ऑफिसातून एक खोका घेऊन आले. त्यांच्या खात्यातला एक स्कॉटिश माणूस नोकरी सोडून मायदेशी चालला होता आणि घरातलं सामान वाटत सुटला होता. खोक्यात रिमोटची गाडी होती. हातभर लांब, चाकं मात्र तिच्या अंगाच्या मानाने भलतीच मोठी आणि मऊ. ही वेगात पळणारी गाडी नव्हती. दगडधोंड्यांवर चढणारी, अगदी सावकाश, मुंगीच्या चालीने. तिला क्रॉलर म्हणतात, असं जयदीपरावांनी आम्हाला सांगितलं.

ताईंचा चेहरा उतरला. त्या मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या, "चालायचं सोडून आता हे सोफ्यावर बसून गाडी चालवणार."

पण घरात ती गाडी चालवण्यात काही गंमतच नव्हती. फरशीवर ती नुसती घरघरत जायची. म्हणून पुढच्या शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं ती घेऊन किनाऱ्यावर गेलो. लाटा अडवायला तिथे मोठमोठे दगड टाकलेले आहेत. जयदीपरावांनी गाडी एका दगडाच्या पायथ्याशी ठेवली आणि बाकावर जाऊन बसले. गाडी थोडी चढली आणि अडकली. बाकावरून दिसेना की कशात अडकली. ते उठले, जवळ गेले, वाकले. चाक एका फटीत गेलं होतं. थोडं मागे घेतलं, पुन्हा पुढे. आता गाडी दगडाच्या पलीकडच्या अंगाला गेली, म्हणून हेही वळसा घालून पलीकडे गेले. मग पुढचा दगड. मग त्याच्या पुढचा.

मी ताईंकडे बघितलं. त्या हातातलं घड्याळ बघत होत्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझा हात दाबला.

"काही बोलू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "चालतायत."

खरंच चालत होते. उठत होते, वाकत होते, दगडांवरून पाय टाकत होते. तासाभराने घामाघूम होऊन आले आणि म्हणाले, "भूक लागली." स्टेंट टाकल्यापासून हे वाक्य आम्ही ऐकलं नव्हतं.

त्या दिवसापासून ताईंनी मनाशी एक ठरवलं. ती गाडी बंद पडता कामा नये. आणि दुसरं असं, की रिमोटला आपण हात लावायचा नाही. ते मला कळायला वेळ लागला. जयदीपराव कितीदा म्हणायचे, "अगं, तू चालवून बघ ना," आणि त्या म्हणायच्या, "छे, मला नाही जमत." त्यांचे डोळे मात्र गाडीवरून हलायचे नाहीत. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मी रिमोट घेतला तर ते बसतील. मग राहिलंच सगळं."

उन्हाळा लागला तसं किनाऱ्यावर जाणं पहाटेवर आलं, आणि जूनमध्ये गाडीने मान टाकली. तिच्या प्रत्येक चाकाला एक शॉकअप असतो. बोटाएवढी नळी, आत तेल, तेलात एक छिद्रं असलेली चकती, बाहेरून स्प्रिंग. चाक वर-खाली झालं की चकतीच्या छिद्रांतून तेल इकडून तिकडे जातं, आणि त्यामुळे गाडी दणका न खाता सावकाश बसते. चारही शॉकअप गळायला लागले होते. जयदीपरावांनी ते उघडले आणि घरातलं शिलाई मशीनचं तेल भरलं. आठवड्याभरात आतल्या रबरी रिंगा फुगून ढिल्या पडल्या आणि उरलंसुरलं तेलही टीव्हीच्या टेबलावर आलं.

"अहो, खनिज तेल घातलंत तुम्ही," ताई म्हणाल्या. "या रबराला ते चालत नाही. सिलिकॉनचं तेल लागतं. मला विचारायचं तरी."

"तू कारखान्यात दमून येतेस," जयदीपराव म्हणाले. "म्हटलं घरीही तेलच काय विचारायचं."

गाडी कपाटावर गेली. जयदीपराव पुन्हा बाकावर बसायला लागले. दोन आठवडे ताईंनी वाट बघितली आणि मग मला म्हणाल्या, "गुरुवारी शुवैखला येतेस का? गाडीला शॉकअप घ्यायचेत."

शुवैखच्या गॅरेजांच्या गल्ल्यांमध्ये पायऱ्या उतरून जायच्या एका दुकानात रिमोटच्या गाड्यांचे भाग मिळायचे. तिथे काउंटरला सर्फराज होता. श्रीवर्धनकडचा, पस्तिशीचा, दाढी बारीक कातरलेली. आधी तो आमच्याशी हिंदीत बोलला. मग ताई मला काहीतरी म्हणाल्या ते ऐकून त्याने मान वर केली. "मराठी काय तुम्ही? मग आधी बोलायचं ना, काकी. बसा. च्या सांगतो."

ताईंनी चहा घेतला आणि काउंटरवरचे शॉकअप एकेक करून बघायला सुरुवात केली. सर्फराजने आधी सोनेरी रंगाचे, अॅल्युमिनियमचे, चांगले लांबलचक पुढे केले. "सगळे हेच नेतात."

"का?"

 "खरं सांगू? दिसतात झकास."

"लांब असले की काय होतं?"

"चाक जास्त खाली-वर जातं. आणि गाडी उंच होते."

ताईंनी सोनेरी शॉकअप दाबून सोडला, पुन्हा दाबला. मग फोन काढून जयदीपरावांना विचारलं. ते ऑफिसात होते. सोनेरी म्हटल्यावर पलीकडून काय उत्तर आलं ते मलाही ऐकू आलं. ताईंनी सोनेरी घेतले.

गाडी झकास दिसायला लागली यात शंका नाही. पण आता ती प्रत्येक दगडावर उताणी पडायची. पोट उंच गेलं होतं, जरा कलली की गेलीच. जयदीपराव वाकून सरळ करायचे, चार पावलं, की पुन्हा उताणी. वाकून वाकून त्यांची कंबर धरली. ताईंना वाटलं, ती फार हेलकावते म्हणून पडते. उन्हाने तेल पातळ होत असणार, तेव्हा दाट तेल भरू. त्यांनी सर्फराजकडून सगळ्यात दाट तेलाची बाटली आणली आणि भरली. आता गाडी हेलकावेना. पण ती लाकडी पाटासारखी ताठ झाली. चाक खड्ड्यावर आलं तरी खड्ड्यात उतरायचंच नाही, हवेत नुसतं फिरत राहायचं. तीन चाकांवर उभी राहिलेली गाडी मग शांतपणे कडेला कलंडायची.

पुढच्या गुरुवारी आम्ही पुन्हा शुवैखला. या वेळी ताईंनी गाडीच बरोबर नेली होती.

"माझं चुकलं," त्यांनी सर्फराजला सरळ सांगितलं. "कारखान्यात आम्ही आधी विचारतो, तेल कुठल्या मशीनला जाणार आहे. इथे मी विचारलंच नाही. या गाडीला नक्की करायचं काय असतं, ते मला सांग."

सर्फराजने गाडी काउंटरवर ठेवली आणि एका चाकाखाली पंचिंग मशीन सरकवलं. गाडी एका बाजूने उचलली गेली, समोरचं चाक हवेत.

"बघा, काकी. पळणारी गाडी असेल तर तिला उडी मारायची असते, तिचा दणका झेलायला दाट तेल, कडक स्प्रिंग. ही काय उडी मारणार? हिला चारही पाय जमिनीला टेकवून ठेवायचेत, बस. आमच्याकडे खडकावर कालवं काढायला बायका जातात, त्या कशा चालतात? ताठ चालतात का? गुडघे वाकवून, बूड खाली. तशी बसवायची हिला. स्प्रिंग एवढी मऊ घ्यायची की गाडी आपल्याच वजनाने अर्धी खाली बसली पाहिजे. मग चाकाला वर जायला पण जागा राहते न् खाली लटकायला पण."

"आणि तेल पातळ, म्हणजे चाक पटकन खाली उतरेल."

"पण एकदम पाणी नाय. नायतर उतारावर गाडी डुलते."

ताईंच्या चेहऱ्यावर जो आनंद आला, तो मी आमटीच्या वेळीही पाहिला नव्हता. त्या स्टुलावर नीट सरकून बसल्या. त्या दिवशी आम्ही दुकान बंद होईपर्यंत तिथे होतो. घेतले ते साधे काळे, प्लॅस्टिकचे, आखूड शॉकअप, तीन तऱ्हेच्या मऊ स्प्रिंगा आणि दोन कंपन्यांची एकाच नंबरची तेलं.

दोन कंपन्यांची का, ते दुसऱ्या दिवशी कळलं. ताईंच्या ओट्यावर काचेच्या दोन उभ्या नळ्या होत्या, दोन्हींत तेल. त्यांनी डब्यातून मोहरीचे दोन दाणे घेतले, एकेका नळीत एकदम सोडले आणि खाली वाकून बघत राहिल्या. एक दाणा तळाला पोचला तेव्हा दुसरा अजून अर्ध्या वाटेवर होता.

"नंबर एकच छापलाय दोघांनी," त्या खुशीत म्हणाल्या. "ज्याचा त्याचा नंबर, दुसरं काय."

मग त्यांनी दोन्ही तेलं मिसळून आपलं तेल तयार केलं. शॉकअप भरायची त्यांची पद्धत मी पुढे कितीदा पाहिली. तेल ओतायचं, दांडी हळूहळू वर-खाली करायची, आतला शेवटचा बुडबुडा वर येईपर्यंत तसंच थांबायचं. मध्ये कुणी बोललं की "श्श" करायच्या. जयदीपराव दाराशी उभे राहून बघायचे आणि जेवायला कधी वाढणार हे विचारायचं धाडस करायचे नाहीत.

नव्या शॉकअपांवर गाडी इतकी खाली बसली की जयदीपराव म्हणाले, "ही तर दमून बसल्यासारखी दिसतेय." पण दगडावर ठेवली आणि ती चढत गेली. पुढचं चाक वर गेलं, मागचं खड्ड्यात लटकलं, पोट मात्र जिथल्या तिथे. जयदीपराव तिच्यामागे दगडांच्या रांगेच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि तिथून हात हलवला. इतक्या लांबून ते अगदी लहान दिसत होते.

हिवाळ्यात सर्फराजनेच सांगितलं की दर महिन्याला काही लोक मुतलाला जमतात. मुतला म्हणजे जहराच्या पलीकडची टेकड्यांची रांग. आता ते अरबी नाव आहे, पण मराठी माणसाला ते हसू दाबल्याशिवाय उच्चारता येत नाही. जयदीपराव मुद्दाम फोनवर नाशिकच्या नातेवाइकांना सांगायचे, "आम्ही मुतलाला चाललोय," आणि ताई मागून म्हणायच्या, "अहो, वय बघा आपलं."

तिथला म्होरक्या यूसुफ, बँकेत काम करणारा कुवेती, तिशीचा. दिशदाशा, म्हणजे तिथला पायघोळ झगा, खोचून दगडांत गुडघ्यांवर बसायचा. बाकी काही इंग्रज, काही फिलिपिनो, दोन लेबनीज, आणि आम्ही. खडूने खुणा केलेल्या फाटकांमधून गाडी न्यायची. फाटकाला धक्का लागला, गाडी मागे घ्यावी लागली किंवा उलटली, की दंडाचे गुण. ज्याचे गुण कमी तो पुढे. जयदीपराव त्या पहिल्या खेपेला शेवटून दुसरे आले. शेवटच्या माणसाची बॅटरी संपली होती. परत येताना गाडीत ते इतकं बोलत होते की ताईंना वळण सांगायचं राहून गेलं आणि आम्ही जहराच्या बाजारात जाऊन पोचलो.

वसंतात डॉक्टरांकडे तपासणी होती. फिरत्या पट्ट्यावर चालवून, हृदयाचा आलेख काढून डॉक्टर म्हणाले, "छान. कुठे फिरायला जाता? समुद्रावर?" जयदीपराव म्हणाले, "गाडी घेऊन जातो." डॉक्टरांचा चेहरा बदलला, तेव्हा ताईंना पुढचं सगळं सांगावं लागलं. शॉकअपांपर्यंत गोष्ट आल्यावर नर्सने दार उघडून आठवण केली की बाहेर रांग आहे.

मेमध्ये ताईंना एकावन्नावं लागलं. मी नारळाच्या वड्या घेऊन वर गेले, तर दिवाणखान्यात टेबलावर एक नवा खोका. जयदीपराव समोर हाताची घडी घालून बसलेले. ताईंनी खोका उघडला. आत क्रॉलरच होता, सुटा, जोडायचा. सांगाडा होता, चाकं होती, मोटर होती. ताईंनी तळापर्यंत हात घातला.

"अहो, यात शॉकअप नाहीत."

"नाहीतच. सर्फराजला सांगून काढून ठेवायला लावले. म्हटलं, शॉकअप तूच निवडशील."

"पण आपल्याकडे एक गाडी आहे ना. दोन कशाला?"

जयदीपरावांनी हाताची घडी सोडली. मग त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात नाही, तर हळू म्हणाले, "मुक्ता, तू रिमोट का धरत नाहीस ते मला कळतं. पहिल्या दिवसापासून कळतं. तू घड्याळ बघत होतीस, तेही मी बघितलं होतं. आता मी आपला आपण चालतो. तू तुझी गाडी चालव."

ताई सुटे भाग खोक्यात परत ठेवायला लागल्या. एक चाक ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. मी म्हटलं, मी नंतर येते. तर त्या म्हणाल्या, "थांब ग. वड्या कशाला नेतेस परत?"

तो सगळा उन्हाळा त्यांनी गाडी बांधली आणि गच्चीवर विटा रचून चालवायला शिकल्या. आमचा हारिस, म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार, हमीद आधी तक्रार करायला वर आला होता, नंतर विटा हलवायला मदत करायला लागला. शॉकअप त्यांनी जयदीपरावांच्यापेक्षा वेगळे घेतले. पुढचे अगदी मऊ, मागचे थोडे कडक आणि किंचित आडवे बसवलेले, म्हणजे चढावर गाडी मागे बसून उलटत नाही. तेल कुठलं, ते नवऱ्याला सांगितलं नाही. जयदीपराव ओट्यावरच्या नळ्या बघून अंदाज बांधायचे आणि त्या आल्या की पेपर वाचत असल्याचं दाखवायचे.

एक गोष्ट मात्र ताईंना गच्चीवर दिसली होती. चढावर जोर लावला की मोटरच्या ताकदीने गाडीचा सांगाडाच एका अंगाला पिळल्यासारखा कलायचा, आणि दर वेळी त्याच अंगाला. मग विरुद्ध अंगाचं पुढचं चाक हलकं होऊन पकड सोडायचं. त्यांनी कलत्या बाजूची मागची स्प्रिंग काढून जरा जास्त कडक घातली. चारांपैकी एकच वेगळी.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा मुतलाला गेलो. जानेवारी होता, कुवेतच्या मानाने कडाक्याची थंडी, वारा नुसता कानात शिरत होता. यूसुफने ताईंच्या हातात रिमोट बघितला आणि उठून उभा राहिला. "खालती, आज तुम्ही?" खालती म्हणजे मावशी.

"आज मी पण," ताई म्हणाल्या. त्यांनी साडीऐवजी सलवार-कमीज घातली होती आणि डोक्याला माझी लोकरीची शाल गुंडाळली होती.

आधी जयदीपरावांची पाळी. त्यांनी सुरेख चालवली. नवव्या फाटकापर्यंत एकही दंड नाही. शेवटी एक तिरपा, गुळगुळीत कातळ होता, त्यावरून आडवं चढून दोन खुणांमधून जायचं होतं. तिथे त्यांनी जोर लावला, गाडी कलली, पुढचं चाक हवेत गेलं आणि ती घसरत खाली आली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती उलटली.

मग ताई. त्या हळू चालवत होत्या, इतक्या हळू की एका इंग्रजाने खिशातून सँडविच काढून खाल्लं. दुसऱ्याच फाटकाला त्यांचा धक्का लागला, चौथ्याला एकदा मागे यावं लागलं. मी मनात म्हटलं, संपलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडीबरोबर चालत, वाकत, एकदा तर सरळ पोटावर झोपून चाकाखाली बघत त्या कातळापाशी आल्या.

कातळावर गाडी तिरपी चढली. जोर लागला तशी कलायला लागली, आणि तिथेच थांबली. चारही चाकं कातळाला चिकटलेली. ताईंनी अंगठा तसाच धरला. गाडी बोटभर पुढे, मग आणखी बोटभर, आणि सावकाश दोन खुणांमधून पार झाली.

कुणी टाळी वाजवायच्या आधी जयदीपराव ओरडले, "काय घातलंस मागे?"

सगळे हसले, मराठी न कळणारेही. यूसुफने जाऊन ताईंची गाडी उचलली, उलटी केली, चारही स्प्रिंगा एकेक दाबून बघितल्या आणि चौथीवर थांबला. त्याने ताईंकडे बघितलं, ताईंनी मान डोलावली. त्याने गाडी परत ठेवली. दहा मिनिटांनी तो स्वतःच्या गाडीपाशी पाना घेऊन बसलेला मला दिसला.

एक फिलिपिनो वेल्डर पहिला आला. ताई पाचव्या, जयदीपराव सातवे. यूसुफच्या आईने घरून मोठ्या परातीत मच्बूस, म्हणजे मटण घातलेला मसालेभात, पाठवला होता, तो वाऱ्यात गार व्हायच्या आत सगळे तुटून पडले. ताई शाकाहारी, त्यांच्यापुढे यूसुफने आईने वेगळा शिजवलेला नुसता भात, बेदाणे आणि काजू असा ढीग करून ठेवला. जयदीपराव ताटलीतला मटणाचा तुकडा हातात घेऊन त्यांच्याशेजारी बसले.

"सांग ना," ते म्हणाले.

"डावी मागची एक नंबर कडक आहे."

"एकच? पण दोन्ही बाजू सारख्या नकोत का?"

"अहो, मोटर दोन्ही बाजूंना सारखी ओढत असती तर ठेवल्या असत्या सारख्या."

जयदीपरावांनी तुकडा संपवला आणि बोटं पुसली. "घरी गेल्यावर माझ्या गाडीला घालून देशील?"

"स्प्रिंग देते. घालायची तुम्ही."

त्यानंतर शनिवारी सकाळी शुवैखच्या त्या दुकानात ताईंना हमखास कुणीतरी गाठायचं. आधी एक-दोघं, मग तिघं-चौघं. कुणी कुवेती पोरगेलासा इंजिनिअर, कुणी गोव्याचा ड्रायव्हर, एकदा तर एक पोलिसही. ताई आधी विचारायच्या, गाडी कुठे चालवणार, दगड गुळगुळीत की खरबरीत, उतार किती. सर्फराज भाग काढून द्यायचा आणि मध्येच म्हणायचा, "काकी, हे मी पण सांगितलं असतं, पण माझं कोण ऐकतं." त्याची बायको कुबरा डब्यातून सांदणं पाठवायची. त्यातली दोन मी घरी आणायचे.

त्या वर्षीच्या ईदच्या सुट्टीत गायधनी नवरा-बायको दोन गाड्या घेऊन ओमानला गेले. नातेवाइकांना वाटलं मस्कत बघायला. मी त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायला वर गेले होते तेव्हा मला ताईंचा फोन आला. मागून वाऱ्याचा आवाज येत होता आणि जयदीपराव कुणालातरी हाका मारत होते.

"शर्वरी," ताई म्हणाल्या, "इथे नुसते डोंगर आहेत ग. जिकडे बघावं तिकडे दगड. आम्ही काल संध्याकाळी हॉटेलातच पोचलो नाही, रस्त्यातच उतरलो. ऐक, माझ्या ओट्यावरच्या दुसऱ्या कपाटात माझ्या तेलाची निळ्या झाकणाची बाटली राहिलीय. ती सांभाळून ठेव. आणि हो, कढीपत्त्याला जास्त पाणी घालू नकोस. आम्ही दोन दिवस उशिरा येऊ."